रिपेकाची रिकामी बिळं

रिपेकाच्या उजव्या हाताचं आमच्या तीतीच्या बेटांवर जेवढं कौतुक झालं, तेवढं आणखी कशाचंच झालं नसेल. आता हे कौतुक बहुतेक वेळा रिपेका स्वतःच करायची, हा भाग वेगळा. ब्लफ बंदराच्या धक्क्यावर कुणी नवखा दिसला की बाईंची बाही खांद्यापर्यंत वर. "बघून घे. हा हात बिळात गेला, की पिल्लू कुठे तोंड करून बसलंय ते सांगतो." नवख्याला बिचाऱ्याला बोट कधी सुटणार एवढंच विचारायचं असायचं. पण रिपेकाच्या आईपासूनचा सगळा इतिहास ऐकल्याशिवाय त्याची सुटका नव्हती.

तीती हा काळपट, कबुतराहून मोठा समुद्रपक्षी, आणि त्याच्या डोक्यात काय चालतं ते त्यालाच ठाऊक. आमचा हिवाळा आला की साहेब निघाले उत्तरेला, जपान-अलास्काकडचं पाणी ढवळायला. अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून परत येतो, आणि एवढा जगप्रवास केलेला हा प्राणी येऊन शोधतो काय, तर न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाखालच्या चिखलट बेटावरचं गेल्या वर्षीचं भोक. तेच पाहिजे. शेजारचं कोरडं, प्रशस्त असलं तरी चालायचं नाही. त्या भोकाच्या टोकाशी, अख्खा हात आत जाईल एवढ्या अंतरावर, वर्षाला एक अंडं. एकच. फुटलं तर पुढच्या वर्षी भेटू. पिल्लू त्या अंधारात बसून नुसतं खातं. आईबाप दिवसभर समुद्रावर, अंधार पडला की धपाधप झाडांवर आपटत घरी येणार, पिल्लाच्या तोंडात कोंबणार आणि उजाडायच्या आत पुन्हा कामावर. पिल्लू आईबापांहून जाड झालं की ते त्याला तसंच टाकून उत्तरेला निघून जातात. ब्लफमधल्या बऱ्याच घरांत हेच चालतं, पण तिथे कॅमेरे घेऊन कुणी येत नाही.

एप्रिल लागला की आमची माओरी घराणी आपापल्या बेटांवर पिल्लं काढायला जातात. त्याआधी कुणी पाऊल टाकायचं नाही, मोठ्या पक्ष्याला हात लावायचा नाही, बीळ मोडायचं नाही. पिल्लं खाणारेच पक्ष्यांची काळजी करतात हे शहरातल्या लोकांना काही पचत नाही. मागे एक बाई आल्या होत्या, पिल्लं बघून हमसून हमसून रडल्या. संध्याकाळी बटाट्यांबरोबर तीती शिजल्या, तेव्हा मात्र त्यांनी दोनदा मागून घेतल्या.

बेटावर कुणाची जमीन कुठून कुठे, हे झाडांवरून आणि भांडणांवरून ठरलेलं आहे. हक्क रक्ताचा, आजी-पणजीकडून आलेला. लग्न करून आलेल्या माणसाने जोडीदाराच्या जोरावर यायचं. जोडीदार गेला, पोरंबाळं नसली, तर तो जोरही गेला. मग घरच्या कुणी 'चल' म्हटलं तर बोटीत जागा, नाहीतर धक्क्यावर उभं राहून हात हलवायचा.

आणि इथेच नोरीन येते. नोरीन ही रिपेकाची भावजय, इन्व्हरकारगिलच्या एका खाटकाची मुलगी. उंच, हाडकुळी, हात एवढे लांब की कोटाच्या बाह्या कायम आखूड. इराया लग्न करून तिला पहिल्यांदा बेटावर घेऊन आला, तेव्हा रिपेकाने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. त्याला जरा वेळ लागला. मग भावाला म्हणाली, "दादा, बायको आणलीस की शिडी?"

सगळे हसले. नोरीनही हसली, आणि तिथेच तिचं चुकलं. रिपेकाला वाटलं ही मुकाट ऐकून घेणारी आहे, आणि पुढची सगळी वर्षं तिने त्याचा पुरेपूर फायदा घेतला. नोरीनने पिसं उपटली तर मागे लव राहते, नोरीनने मीठ चोळलं तर कमी पडतं, नोरीनने चहा केला तर तो चहा नव्हेच. बिळात हात घालायचं काम तिला कधी मिळालंच नाही. "ते आमच्या रक्तातलं आहे," रिपेका म्हणायची. "तू पाणी तापव." नोरीन पिसं काढायचं पाणी तापवायची. इराया मध्ये काही बोलायचा नाही. दोन बायकांच्या मध्ये बोलून आजवर कुणाचं भलं झालंय?

मागच्या हिवाळ्यात इराया गेला. त्याला मूल नव्हतं. तेराव्याला नव्हे, आमच्याकडे तसलं काही नसतं, पण अंत्यविधीनंतर सगळे जेवायला बसले होते तेव्हा, भरल्या ताटावर, रिपेका नोरीनला म्हणाली, "आता तुझा बेटाशी काही संबंध राहिला नाही म्हणायचा." हे बोलताना तिचा स्वतःचा घास घशात अडकला होता, तोही भावाच्या दुःखाने. पण लोकांनी ऐकलं ते वाक्य. घास कुणाला दिसणार?

तरीही मार्चच्या शेवटी तिने नोरीनला फोन केला. "येतेस का? भांडी घासायला कुणीतरी लागतंच."

"येते, वन्सं," नोरीन म्हणाली. तिला विचार करायलासुद्धा वेळ लागला नाही.

खरं कारण भांडी नव्हतं. चार हिवाळ्यांपूर्वी रिपेका आपल्याच परसात बटाट्याच्या सालीवरून घसरली होती. जिने उभ्या जन्मात वादळी समुद्रातून ओल्या खडकावर उड्या मारल्या, ती स्वतः सोललेल्या बटाट्याने आडवी झाली. खांदा निखळला, बसवला, आणि वाकडा बसला. तेव्हापासून उजवा हात कानाच्या वर जात नाही. केस विंचरायला डावा, कपडे वाळत घालायला डावा. आणि पोटावर पालथं पडून, गाल चिखलाला टेकवून, हात डोक्याच्या पुढे सरळ ताणून बिळात घालायचा, त्याचं तर नावच नको. कोपरापर्यंत जातो, पुढे एक बोटही नाही.

मुलगा किंगी होता, पण तो पर्थकडे खाणीत. दर वर्षी 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणायचा. इराया तेव्हा होता, पण त्याची छाती धरलेली, तो झोपडीत बसून पिल्लं साफ करायचा. बिळांवर एकटी रिपेका.

त्या पहिल्या वर्षी ती पहिल्या बिळाशी पालथी पडली, हात घातला, आत काही लागलं नाही. ती उठली आणि इरायाला म्हणाली, "रिकामं." आता न्यायाने बोलायचं तर ती खोटं बोलली नव्हती. हात जिथवर पोचला तिथवर बीळ खरंच रिकामं होतं. दुसरंही तसंच. तिसरंही. संध्याकाळपर्यंत आपला अख्खा पश्चिमेचा उतार रिकामा करून बाई झोपडीत परतल्या.

ज्यांचा हात पोचत नाही ते वरून बिळाच्या छपराला भोक पाडतात, पिल्लू काढतात आणि माती-नेच्याचा गड्डा ठोकून भोक बुजवतात. पण बुजवणं जमलं नाही तर छप्पर गळतं, आणि ओल्या घरात तीतीचं जोडपं परत येत नाही. रिपेकाच्या आईने आपल्या जमिनीत हा प्रकार कधी होऊ दिला नाही. आकड्याची तार घालून ओढायचं तर त्याहून पाप. त्यामुळे रिपेकाने भोकही पाडलं नाही आणि तारही घेतली नाही. तेवढं श्रेय तिला द्यायलाच हवं. तिने बिळांना धक्का लावला नाही, फक्त पक्षी संपवून टाकले.

आणि एकदा संपवले म्हटल्यावर त्याची कारणं द्यायला नकोत? समुद्र तापलाय. मोठ्या बोटी सगळं खाणं उपसून नेतात. जपानी जाळ्यांत अडकतात. अमेरिकेकडे समुद्रात सांडलेलं तेल. एकदा तर तिने पर्थच्या खाणींवरही ठपका ठेवला, पण तो किंगीवरचा राग होता. गंमत अशी, की यातलं बरंचसं खरंच होतं. तीती सगळीकडेच पूर्वीपेक्षा कमी झाल्या आहेत, म्हातारी माणसं आकाश काळं व्हायचं म्हणून सांगतात तसं आता होत नाही. त्यामुळे बाईंचं म्हणणं बिनबोभाट खपलं. विद्यापीठाची दोन पोरं बिळात सोडायचा लांब नळीचा कॅमेरा घेऊन बेटावर आली होती. रिपेकाने त्यांना दारातूनच परत पाठवलं. "माझा हात असताना तुमचा तो काचेचा डोळा कशाला?" पोरांनीही मान डोलावली. त्यांना एवढंच सांगितलेलं होतं, की इथल्या जुन्या लोकांच्या ज्ञानाचा आदर करा.

तर अशा रीतीने चौथ्या हंगामाला नोरीन आणि रिपेका, दोघीच, बोटीतून बेटावर उतरल्या. उतरायच्या आधी रिपेकाने नोरीनच्या सामानाची झडती घेतली. उंदीर. एक गाभण उंदरीण पिशवीतून उतरली, तर पुढच्या काही वर्षांत बेटावर ना अंडं राहतं ना पिल्लू. झडती सगळ्यांची होते, पण नोरीनची जरा जास्तच झाली. मोज्यांच्या घड्यासुद्धा उलगडल्या.

"माझ्या मोज्यांत उंदीर कसा मावेल, वन्सं?"

"तुझे मोजे आहेत. त्यात ससा मावेल."

तामाती, रिपेकाचा चुलतभाऊ, बेटाच्या पूर्वेकडच्या जमिनीवर आपल्या लेकी-सुनांबरोबर आधीच येऊन राहिला होता. तो हात द्यायला खडकावर आला, दोघींची बोचकी वर घेतली आणि म्हणाला, "ताई, यंदा तरी आहेत का गं तुझ्याकडे पक्षी?"

"बघू," रिपेका म्हणाली आणि ताठ मानेने चढावर निघाली.

पहिल्याच सकाळी तिने नोरीनला पाणी तापवायला सांगितलं आणि एकटी उतारावर गेली. नोरीनने पाणी तापवलं, ते उकळलं, थंड झालं, पुन्हा तापवलं. पिल्लूच आलं नाही तर पाण्याचं करायचं काय? शेवटी टोपली घेऊन ती मागोमाग गेली. तिथे झाडीत चालणं म्हणजे दुसऱ्याच्या छपरावरून चालणं. पाय कुठे टाकायचा हे नोरीन इतक्या वर्षांत शिकली होती, कारण चुकली की शिवी बसायची.

रिपेका एका बिळाशी पालथी पडलेली होती. उठली, गुडघे झटकले.

"रिकामं."

नोरीनने बिळाच्या तोंडाकडे पाहिलं. तिथल्या नेच्याला पांढुरकी लव चिकटली होती. उंबऱ्याशी ताजी शिट होती. ज्या घरात कुणी राहत नाही त्याच्या दारात एवढी घाण कोण करणार? दुसऱ्या बिळाशीही तेच. तिसऱ्याशीही.

"काय बघतेस टकामका?" रिपेका म्हणाली. "समुद्र तापलाय. जा, पाणी उतरव."

दुपारी रिपेकाला डोळा लागला. जागी झाली तर झोपडीत कुणी नाही. पाणी, चूल, सगळं जागच्या जागी, आणि इरायाची शिडी गायब. ती उताराकडे निघाली आणि एका वाकड्या झाडाआड थबकली. खाली नोरीन पालथी पडली होती. लांबलचक देह चिखलात पसरलेला, गाल मातीला लावलेला, उजवा हात खांद्यापर्यंत बिळात. डोळे मिटलेले. आणि ती हसत होती. तोंड भरून, एकटीच.

मग तिने हळूच हात बाहेर काढला. रिकामा. बोटांना लव चिकटलेली. हात झटकून ती पुढच्या बिळाशी आडवी झाली.

रिपेका झाडाआडून बाहेर आली. ती ओरडली, "काय करतेस तिथे?"

नोरीन दचकून उठून बसली. "काही नाही, वन्सं. अंगठी पडली होती."

"बिळात?"

"घरंगळली."

"सापडली?"

"सापडली."

अंगठी तिच्या डाव्या हातात होती. लग्नाच्या दिवसापासून तिथून हललेली नव्हती, सांधे सुजल्यामुळे आता ती साबण लावूनही निघाली नसती. हे दोघींनाही ठाऊक होतं. रिपेका वळली आणि झोपडीत गेली.

ती दुपार तिने बटाटे सोलण्यात घालवली, आणि एवढे सोलले की दोघींना चार दिवस पुरले असते. हिला कळलं. हिने पिल्लाला हात लावला आणि आत तसंच ठेवलं. का? पिल्लू टोपलीत घालून आणून समोर ठेवलं असतं, तर तीन वर्षांचं सोंग एका क्षणात उघडं पडलं असतं. इतक्या वर्षांचे टोमणे, मीठ, चहा, मोजे, सगळ्याचं उट्टं निघालं असतं. रिपेका तिच्या जागी असती तर तिने काय केलं असतं हे सांगायची गरज नाही. पिल्लू वाजतगाजत आणलं असतं. आणि या बयेने तसं केलं नाही. म्हणजे कीव! नोरीनने रिपेकाची कीव करायची! बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. बटाट्याची सालं भिंतीवर उडत होती.

आमच्या बेटांवर संध्याकाळी, उजेड असतानाच, सगळ्या झोपड्या रेडिओवर येतात. कोण आजारी, कुणाचं मीठ संपलं, वारा कुठला, कुणाला किती पिल्लं लागली. एक बोलतो आणि सगळा समुद्र ऐकतो. गुपित म्हणून तिथे काही सांगायचं नसतं. पूर्वी याच रेडिओवर रिपेका एवढ्या बढाया मारायची की लोक तिची पाळी आली की चहा ठेवायला उठायचे.

त्या संध्याकाळी तामातीने सुरुवात केली. तो बेटाच्या पलीकडच्या बाजूला होता, पण त्या चढावरून चालत यायचं त्याच्या जिवावर यायचं. तोही रेडिओवरच बोलायचा.

"ताई, आज काय?"

"रिकामी," रिपेका म्हणाली.

"सगळी?"

"सगळी म्हटलं ना."

मग तामाती घसा खाकरून म्हणाला, "ताई, आम्ही जरा बोललो आपापसांत. पलीकडच्या बेटावरचे होने बाबाही होते. तुझा उतार तीन वर्षं रिकामा, हे चौथं. आता असं करावं म्हणतो, की तो बंद करू. दहा वर्षं कुणी पाऊल टाकायचं नाही, तूही नाही, आम्हीही नाही. जमिनीला विसावा मिळेल. पक्षी परत येतील."

"बरोबर आहे," होने बाबांचा आवाज आला. होने बाबा आमच्यातले सगळ्यांत वयस्कर. त्यांनी बरोबर म्हटलं की ते बहुतेक होतंच.

रिपेका माईक हातात धरून बसली. तिचं वय सत्त्याहत्तर. दहा वर्षं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. आणि नको म्हणायचं तर का, ते सांगायला लागलं असतं. रिकाम्या जमिनीला विसावा द्यायला हरकत काय असू शकते?

"नोरीन आहे का तिथे?" तामातीने विचारलं. "तूही होतीस ना आज बिळांवर? तुला काय वाटतं?"

नोरीन दारापाशी उभी होती, हाताला अजून माती. तिने रिपेकाकडे पाहिलं. रिपेकाने माईक तिच्याकडे सरकवला आणि भिंतीकडे तोंड केलं. आता ही सांगणार. सांगू दे. निदान कीव तरी संपेल.

"हो," नोरीन म्हणाली. "वन्सं म्हणतात तसंच आहे. रिकामी आहेत."

"मग ठरलं," तामाती म्हणाला. "बंद करू."

"ठरलं," होने बाबा म्हणाले.

नोरीनने माईक ठेवला आणि चुलीपाशी जाऊन बसली. ती काय करून बसली होती, हे रिपेकाला एका क्षणात कळलं. उतार बंद झाला की बाईंना निदान ब्लफमध्ये बसून जमीन आपली आहे असं म्हणता येणार होतं. नोरीनला काय? ती ज्या एकुलत्या एक जमिनीच्या जोरावर इथवर येत होती, ती तिने आत्ता आपल्या तोंडाने बंद करून टाकली होती. पुन्हा हे बेट नाही. ज्या बेटावर तिने इरायाबरोबर सगळे एप्रिल काढले, जिथे आज पहिल्यांदा तिचा हात पिल्लाला लागला, ते गेलं. कशासाठी? एका खडूस म्हातारीचं नाक वर राहावं म्हणून.

"मूर्ख बाई," रिपेका पुटपुटली. कुणाला ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने माईक ओढला.

"तामाती! ठरलं बिरलं काही नाही. बिळं भरलेली आहेत."

"काय?"

"भरलेली आहेत म्हणते. ही नोरीन खोटं बोलतेय. माझ्यासाठी." ती थांबली. सगळा समुद्र ऐकत होता. "माझा हात पोचत नाही. खांदा मोडल्यापासून पोचत नाही. तीन वर्षं झाली. पक्षी आहेत तिथेच आहेत. झालं समाधान?"

मग तामाती अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताई, आम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुझी बाही. चिखल कोपरापर्यंतच असतो. पहिल्या वर्षीच दिसलं."

"आम्हालाही दिसलं होतं," तिसऱ्याच एका बेटावरून कुणीतरी म्हणालं. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"मग ही बंदी कशाला घालत होतात?"

"म्हटलं, तुझी सुटका होईल," तामाती म्हणाला. "मानही राहील."

आता रिपेकाचा आवाज चढला. "माझा मान राहावा म्हणून माझ्या आईची जमीन दहा वर्षं बंद करणार? बिळं भरलेली असताना? तीन वर्षं सगळे मूग गिळून बसलात, माझ्या तोंडावर 'समुद्र तापलाय, हो ना' म्हणून माना डोलावल्यात? लाज नाही वाटत? एकाला तरी म्हणता आलं नाही, की रिपेका, तू खोटारडी आहेस?"

"तुला कोण म्हणणार?" होने बाबा म्हणाले. हा प्रश्न नव्हता, आणि त्यावर सगळी बेटं हसली. रिपेकालाही हसू आलं असतं, पण तिने ते दाबलं.

"बरं," तामाती म्हणाला. "मग पिल्लं काढायची कुणी? किंगी येतोय का?"

"किंगी येणार नाही. तो पुढच्या वर्षीही यायचा नाही, मला माहीत आहे. नोरीन काढेल. तिचा हात पोचतो."

"ताई, आज ती तुझ्याबरोबर आहे, ते ठीक आहे," तामाती जपून म्हणाला. "पण तू नसशील तेव्हा? रक्त नाही तिचं. इराया राहिला नाही. मी वाईट सांगत नाही, नियम सांगतो."

नियम रिपेकाला कुणी सांगायला नको होता. भरल्या ताटावर तिनेच तो नोरीनला ऐकवला होता. तिने मान वळवून चुलीपाशी बसलेल्या त्या लांब बाईकडे पाहिलं. नोरीन चुलीत लाकूड सारत होती, पुन्हा पुन्हा तेच लाकूड.

"मग मी तिला लेक म्हणून घेते," रिपेका म्हणाली.

"काय घेतेस?"

"लेक. आपल्यात घेत नाहीत का दुसऱ्याचं मूल? चार माणसांसमोर सांगायचं, झालं. इथे चार काय, सगळी बेटं आहेत. ऐका सगळे. नोरीनला मी लेक म्हणून घेतली."

"ताई, ती अडुसष्ट वर्षांची आहे!"

"असू दे. उंचीमुळे जरा मोठी दिसते."

मग जो गोंधळ उडाला तो काही विचारू नका. कुणी म्हणालं, घेतलेल्या मुलाला बेटाचा हक्क कधीच नव्हता. कुणी म्हणालं, होता, आमच्याच घरात होता. कुणी म्हणालं, पण ती मुलं कडेवरची असायची, ही कडेवर कुणाच्या बसणार? होने बाबांनी आपली आजी अशीच घेतलेली होती असं सांगितलं, आणि मग ज्याला कुणाला पुढे बोलायचं होतं त्याने ते गिळलं. तेवढ्या संध्याकाळपुरतं. हे भांडण अजून मिटलेलं नाही. दर हंगामात कुणीतरी ते उकरून काढतं. पण त्या संध्याकाळी रिपेकाने रेडिओ बंद केला, आणि आमच्याकडे शेवटचा शब्द ज्याचा, काही काळ तरी तेच खरं.

"मला विचारलंत का?" नोरीन चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली.

"मुलीला कधी कुणी विचारतं का? बटाटे घाल शिजायला. खूप आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी उतारावर गेल्या. नोरीन पालथी पडली, रिपेका तिच्या डोक्याशी उकिडवी बसली आणि बोलत राहिली. डावीकडे वळव. तिथे मुळी आहे, तिच्या खालून घे. बोटं मिटून घे, मूर्ख, चोचीने फोडेल. मान नको, अंगाला धर. इतक्या वर्षांचं सगळं तिने त्या एका सकाळी सांगितलं, आणि सांगताना तिचा उजवा हात आपोआप हलत होता.

पहिलं पिल्लू बाहेर आलं. जाड, रागीट, अंगभर लव. रिपेकाने ते डाव्या हाताने घेतलं, वजन पाहिलं, उलटंसुलटं केलं. सगळ्या उतारावर त्याच्याइतकं छान पिल्लू त्या सकाळी दुसरं मिळालं नाही. तिने ते नोरीनच्या हातात परत दिलं.

"हे आत ठेव."

"का? चांगलं आहे की."

"चांगलं आहे म्हणूनच. हे आता जाईल, वर्षानुवर्षं समुद्रावर काढील, आणि सहा-सात वर्षांनी याच उतारावर आपलं बीळ करायला परत येईल. तेव्हा मी नसेन. मला आवडलं असतं असायला, फार आवडलं असतं. पण नसेन. तू इथे असशील. हे आलं की नाही, ते बघायला."

नोरीनने पिल्लू दोन्ही हातांनी नीट धरलं. मग म्हणाली, "असेन, आई."

"आई म्हणू नकोस," रिपेका म्हणाली. "एकदम म्हातारी झाल्यासारखं वाटतं. वन्संच म्हण."

नोरीन पुन्हा आडवी झाली आणि पिल्लू आत ठेवायला तिने हात खांद्यापर्यंत घातला. तो तिने बराच वेळ बाहेर काढला नाही. गाल मातीला लागलेला, तोंड पलीकडे. रिपेकाने आज घाई केली नाही. तिला हवा तेवढा वेळ दिला, आणि मग तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "चल, ऊठ. अख्खा उतार पडलाय."